शीटच्या कोपऱ्याचा इतिहास

कुठलंही ड्रॉइंग हातात आलं की माझी नजर आधी उजव्या खालच्या कोपऱ्याकडे जाते. कामाचं नाव, शीटचा विषय, नंबर, स्केल, तारीख, कुणी काढलं, कुणी तपासलं, कुणी मंजूर केलं, हे सगळं सांगणारा टायटल ब्लॉक तिथे असतो. त्याची जागा घडीने ठरवली आहे. ए-वन मापाचं शीट रीतीप्रमाणे घडी घालत ए-फोरवर आणलं की हाच कोपरा दर्शनी राहतो आणि फायलीत शीट न उलगडता ओळखता येतं. आज कॉम्प्युटरवर शीट सेटचं टेम्प्लेट बनवताना नवी मुलं विचारतात की हा ब्लॉक डावीकडे का नको, तेव्हा मी त्यांना आधी कागदाची घडी घालायला लावते.

आपल्याकडे ड्राफ्ट्समन हा पेशा सरकारी बांधकामांच्या पाठोपाठ वाढला. पुण्यात 1854 साली सुरू झालेला इंजिनिअरिंगचा वर्ग, ज्यातून पुढे इंजिनिअरिंग कॉलेज उभं राहिलं, तो मुळात बांधकामांवर लागणारी कनिष्ठ माणसं तयार करण्यासाठी होता. मुंबईत जे. जे. मध्ये वास्तुकलेच्या शिक्षणाची सुरुवातही 1896 च्या ड्राफ्ट्समन वर्गापासून झाली. जॉन हर्शेलने 1842 साली शोधलेल्या निळ्या छपाईमुळे एका ट्रेसिंगच्या हव्या तितक्या प्रती निघू लागल्या. प्रती अनेक झाल्या तशी नंबर, तारीख आणि सही यांची किंमत वाढली. साइटवरच्या मिस्त्रीच्या हातातली प्रत ताजी की जुनी, हे दुसरं कोण सांगणार?

मी आयटीआयमधून सिव्हिल ड्राफ्ट्समनचा कोर्स करून पुण्यात एका स्ट्रक्चरल कन्सल्टंटकडे लागले, तेव्हा टेम्प्लेट म्हणजे कपाटातला कागदाचा गठ्ठा होता. ऑफिसच्या नावासह चौकट आणि टायटल ब्लॉक प्रेसमधून ट्रेसिंगवर छापून आणलेले असत. आम्ही आतलं ड्रॉइंग रोट्रिंग पेनने काढायचो, चुकलेली रेघ ब्लेडने हलकेच खरवडायचो आणि ती जागा नखाने घोटून गुळगुळीत करायचो, नाहीतर पुढची शाई फुटायची. मग ट्रेसिंग अमोनिया प्रिंटला जायचं.

पण छापील चौकटीने अर्धंच काम व्हायचं. उरलेलं अर्धं ड्रॉइंग रजिस्टरमध्ये होतं, आणि रजिस्टर आमच्या हेड ड्राफ्ट्समनच्या टेबलावर. आम्ही सगळे त्यांना काका म्हणायचो. कोणत्याही कामाचं पहिलं शीट बोर्डवर चढण्याआधी ते रजिस्टरमध्ये संपूर्ण कामाची यादी आखत. पाया शंभरपासून, कॉलम दोनशेपासून, स्लॅब तीनशेपासून, मध्ये मोकळे नंबर सोडलेले. ते मोकळे नंबर ही त्यांची खरी विद्या होती असं मला आजही वाटतं.

सेक्शनचा बबल पाहिला की हे कळतं. छोटं वर्तुळ, मधून आडवी रेघ. वर डिटेलचा नंबर, खाली ते डिटेल ज्या शीटवर आहे त्याचा नंबर. आता 204 आणि 205 च्या मध्ये एक शीट घुसवायचं ठरलं तर पुढच्या सगळ्या शीटचे नंबर सरकणार, आणि त्यांच्याकडे बोट दाखवणारा प्रत्येक बबल खोटा ठरणार. तो बबल पायाच्या शीटवर असेल, जिन्याच्या असेल, कुठेही असेल. म्हणून काका 204ए करत, नंबर सरकवत नसत. तरीही सेट साइटवर जाण्याआधी दोघांना बसवून एकाने बबल वाचायचा, दुसऱ्याने शीट काढून दाखवायचं आणि लाल पेन्सिलने टिक करायची, हा नेम होता. ‘गुड फॉर कन्स्ट्रक्शन’चा शिक्का त्यानंतरच.

ऑटोकॅड बाजारात आलं 1982 साली, आमच्याकडे बऱ्याच उशिरा. रेघ काढायचे कष्ट वाचले, पण शीटची शिस्त काही काळ उलट बिघडली. बहुतेक ऑफिसांत मागच्या कामाची फाइल उघडून नव्या नावाने सेव्ह करायची रीत पडली आणि नव्या बंगल्याच्या शीटवर जुन्या मालकाचं नाव छापून येऊ लागलं. सॉफ्टवेअर मात्र एकेक पाऊल आमच्या कपाटाकडे येत होतं. 1990 च्या रिलीज 11 मध्ये पेपर स्पेस आली. ड्रॉइंग एकीकडे आणि चौकटीचा कागद दुसरीकडे, हा आमच्या छापील ट्रेसिंगचाच विचार. ऑटोकॅड 2000 मध्ये एका फाइलमध्ये अनेक लेआउट ठेवता येऊ लागले. आणि 2004 मध्ये आलेल्या ऑटोकॅड 2005 ने शीट सेट मॅनेजर आणि फील्ड दिले. ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला काकांचं रजिस्टरच पडद्यावर दिसलं.

शीट सेट ही स्वतंत्र छोटी फाइल असते. शीटची यादी, सबसेट, कामाचं नाव, मालकाचं नाव, नवं शीट कोणत्या टेम्प्लेटवरून काढायचं, हे तिच्यात राहतं. टायटल ब्लॉकमध्ये नंबर टाइप करायचा नाही. तिथे फील्ड ठेवायचं. टेम्प्लेटमध्ये त्या जागी नुसते डॅश दिसतात. सेटमध्ये शीट तयार झालं की नंबर आणि विषय आपोआप बसतो. बबलही सेटमधून ठेवलेला असला तर शीटचा नंबर बदलताच, फील्ड अपडेट झालं की, तो बदलतो. काकांचे मोकळे नंबर ज्या भीतीपोटी होते, ती भीती इथे संपली. आणि नव्या कामाला तयार सेट नमुना म्हणून निवडला तर सबसेट आणि सेटिंग येतात, जुनी शीटं येत नाहीत. जुन्या मालकाचं नाव चिकटून येण्याचा रोग त्यामुळे मुळातून गेला, अट एवढीच की त्या नमुन्यात नावाचा रकाना रिकामा ठेवलेला हवा.

एवढं असूनही कितीतरी ऑफिसं हे वापरत नाहीत, याचं मला मनापासून वाईट वाटतं. कारण बहुतेक ठिकाणी टेम्प्लेट बनवायला नवख्याला बसवतात. ते काम सर्वांत जुन्या माणसाचं आहे. महापालिकेच्या सबमिशनला क्षेत्रफळाचा तक्ता शीटच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात लागतो, साइटच्या सेटला तो लागत नाही. म्हणजे टेम्प्लेट दोन हवीत. पाडायचं काम पिवळ्यात आणि नवं लाल रंगात दाखवायचं, म्हणजे लेयर आणि प्लॉटच्या सेटिंगही दोन. कंत्राटदार ए-थ्रीवर प्रिंट काढणार, मग अक्षराची उंची निम्म्यावरही वाचता आली पाहिजे. हे मॅन्युअलमध्ये नसतं, साइटवरून परत आलेल्या शीटांवर असतं.

रिव्हिजनच्या तक्त्याला मात्र मी फील्ड लावत नाही. नंबर आणि तारीख सॉफ्टवेअर देईल, पण बीमची खोली का वाढवली हे ज्याने वाढवली त्यालाच माहीत. ते कारण त्याने स्वतः टाइप करायचं, पुढे आपली आद्याक्षरं टाकायची, आणि तपासणाऱ्याने ते वाचल्याशिवाय पीडीएफ बाहेर पाठवायची नाही.