मानीव अपंग : कलम २९९-आय वरील भाष्य

अमेरिकेच्या १९७२ च्या सामाजिक सुरक्षा दुरुस्ती कायद्याची पाने मोजायला बसू नये. त्यातले कलम २९९-आय मात्र पानभराचेही नाही. ३० सप्टेंबर १९७२ रोजी, शनिवारी, इंडियानाचे सिनेटर व्हान्स हार्टके यांनी ते सिनेटमध्ये मांडले. अर्धा तास चर्चा झाली आणि ५२ विरुद्ध ३ मतांनी ते पार पडले. ३० ऑक्टोबरला राष्ट्राध्यक्ष निक्सन यांची सही झाली आणि १ जुलै १९७३ पासून अंमल सुरू झाला. मूत्रपिंडे निकामी झालेल्या बहुतेक अमेरिकनांच्या डायलिसिसचा भार त्या दिवसापासून मेडिकेअर या सरकारी आरोग्य विम्यावर आला. कर्करोगाला किंवा हृदयविकाराला असे कलम आजवर मिळालेले नाही.

श्रीमंत देशांत हा उपचार कोणाला मिळतो आणि कोण उंबऱ्यावर अडतो, हे मला तक्त्यांपेक्षा या पानाने जास्त समजावले. म्हणून जुन्या टीकाकारांच्या रीतीने एकेक ओळ घेतो. मराठी रूपांतर माझे आहे.

«या कलमाच्या आधीच्या तरतुदींत काहीही अंतर्भूत असले तरी, प्रत्येक व्यक्ती, जी —»

‘काहीही अंतर्भूत असले तरी’ हा सरकारी मराठीतला झीज झालेला शब्दप्रयोग. अर्थ एवढाच की मागचे सगळे नियम बाजूला. खरे वजन आहे ते ‘प्रत्येक’ या शब्दात.

हा शब्द कोणाला उद्देशून आहे ते सिॲटलला जाऊन पाहावे लागते. मार्च १९६० मध्ये तिथे डॉ. बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी क्लाइड शील्ड्स या रुग्णाच्या हातात टेफ्लॉनची वळलेली नळी बसवली. एक टोक धमनीत, दुसरे शिरेत, डायलिसिस नसताना मधला दुवा जोडलेला. तोवर दर डायलिसिसला नवी रक्तवाहिनी उघडावी लागे आणि थोड्याच वेळात हातपाय संपत. आता तेच दार पुन्हा पुन्हा वापरता येऊ लागले. शील्ड्स त्यानंतर दशकाहून अधिक जगले.

मरणारा माणूस वर्षानुवर्षे जगवता येतो हे सिद्ध झाले, पण यंत्रे होती मोजकी. १९६२ मध्ये तिथे डायलिसिसचे केंद्र उघडले तेव्हा निवडीसाठी सात जणांची समिती बसवली. त्यात वकील, धर्मगुरू, बँकवाला, गृहिणी, कामगार नेता होते. त्यांची नावे गुप्त होती. उमेदवाराला मुले किती, नोकरी काय, चर्चला जातो का, मागे राहिलेल्या बायकोचे पुन्हा लग्न होण्याजोगे आहे का, असली चर्चा तिथे होई. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ‘लाइफ’ साप्ताहिकात शॅना अलेक्झांडर यांनी हे सारे लिहिले आणि देश हादरला. दहा वर्षांनी कायद्याने ‘प्रत्येक’ लिहिले ते या समितीच्या खोलीकडे बघून, असे मी मानतो.

पण ‘प्रत्येक’च्या पाठोपाठ ‘जी’ येतो. क्रियापद अजून लांब आहे. तोवर तीन अटी ओलांडायच्या आहेत.

«(१) वयाची ६५ वर्षे पूर्ण केलेली नाही;»

पासष्टीच्या पुढे मेडिकेअर १९६५ च्या कायद्याने होतेच, म्हणून ही ओळ. १९७२ साली डायलिसिसवरचे रुग्ण सुमारे दहा हजार, आणि बरेचसे तरुण. आज अमेरिकेत पाच लाखांहून अधिक लोक डायलिसिसवर आहेत आणि नव्याने येणाऱ्यांपैकी निम्म्याच्या आसपास पासष्टीच्या घरातले किंवा पुढचे असतात.

«(२) पूर्णतः किंवा चालू विमाधारक आहे, किंवा मासिक विमालाभांस हक्कदार आहे, किंवा अशा व्यक्तीची पत्नी, पती वा अवलंबून असलेले अपत्य आहे, आणि»

इथे ‘विमा’ म्हणजे सामाजिक सुरक्षेचा कर भरल्याची नोंद. ‘चालू विमाधारक’ व्हायला सव्वातीन वर्षांच्या खिडकीत सहा तिमाह्यांची कमाई पुरते. म्हणजे पुण्याहून नोकरीच्या व्हिसावर गेलेला तिशीतला मुलगा दीड वर्ष पगार घेऊन कर भरत राहिला की या ओळीत बसतो, त्याची बायको बसते, मुले बसतात. नातवंडे सांभाळायला येणारे आई-वडील बसत नाहीत. मधुमेह आणि रक्तदाब घेऊन विमानात चढणारे नेमके तेच असतात. ही ओळ परदेशी मराठी घरांत वाचली जात असेल असे वाटत नाही.

आणि ज्यांच्याकडे कागदपत्रेच नाहीत त्यांचे काय? त्यांच्यासाठी या कलमात एकही शब्द नाही. आणीबाणीतला माणूस परत पाठवता येत नाही असा वेगळा कायदा आहे. म्हणून अनेक राज्यांत अशा रुग्णाला आधी आणीबाणी सिद्ध करावी लागते. पोटॅशियम चढू द्यायचे, छातीत पाणी भरू द्यायचे, दम लागला की रात्री इस्पितळाच्या तातडीच्या विभागात जाऊन बसायचे. रक्ततपासणीचा आकडा पुरेसा वाईट आला तर डायलिसिस, नाहीतर घरी. पाच-सहा दिवसांनी पुन्हा तेच. आठवड्यातून तीनदा ठरलेल्या वेळी सुया लावण्यापेक्षा हे महाग पडते आणि माणसे कितीतरी अधिक मरतात. हे दोन्ही कागदावर दिसल्यावर कोलोरॅडोने २०१९ मध्ये नियमित डायलिसिसच आणीबाणी धरायला सुरुवात केली. व्याख्या बदलली, उपचार तोच.

«(३) जिला जुनाट मूत्रपिंडविकार असल्याचे वैद्यकीयदृष्ट्या ठरले आहे आणि त्यासाठी हीमोडायलिसिस किंवा मूत्रपिंड-प्रत्यारोपण आवश्यक आहे;»

‘वैद्यकीयदृष्ट्या ठरले आहे’. कोणी ठरवायचे, हे कलम सांगत नाही. व्यवहारात डॉक्टरची सही. या ओळीकडे शेवटी परत येईन.

‘किंवा’कडे जरा नीट पाहू. कायद्याने डायलिसिस आणि प्रत्यारोपण एका ‘किंवा’ने जोडले, जणू दुकानात दोन्ही शेजारी मांडलेली आहेत. यंत्र पैशाने येते, मूत्रपिंड येत नाही. ते मेलेल्या माणसाच्या घरच्यांनी किंवा जिवंत नातलगाने द्यावे लागते. म्हणून सारख्याच श्रीमंत देशांत हा ‘किंवा’ निरनिराळा वाचला जातो. नॉर्वेत मूत्रपिंडे गेलेल्यांपैकी बहुसंख्य लोक प्रत्यारोपित मूत्रपिंडावर जगतात. जपानमध्ये तीन लाखांहून अधिक लोक डायलिसिसवर आहेत आणि वर्षाकाठी प्रत्यारोपणे दोन हजारांच्या आसपास. मेंदूमृत्यू स्वीकारणारा कायदा तिथे १९९७ मध्ये आला, तोही भीत भीत. जर्मनीत विमा सगळ्यांना आहे, डायलिसिसला अडचण नाही, पण दाते कमी आणि मूत्रपिंडाची वाट बघण्यात वर्षे जातात. नकार नोंदवला नसेल तर संमती धरावी, असा प्रस्ताव जानेवारी २०२० मध्ये तिथल्या संसदेने फेटाळला.

स्पेनमध्ये गृहीत संमतीचा कायदा १९७९ पासून आहे. तरी दात्यांची संख्या वाढली ती १९८९ मध्ये राफाएल मातेसांस यांच्या हाताखाली राष्ट्रीय संघटना उभी राहिल्यावर. इस्पितळागणिक एक समन्वयक नेमला, बहुधा अतिदक्षता विभागातलाच डॉक्टर. कायदा काहीही म्हणो, तो घरच्यांना विचारतोच. मेंदूमृत्यू झालेल्या रुग्णाच्या भावाशेजारी कोण जाऊन बसतो, कधी बसतो, काय बोलतो, हे तिथे शिकवले जाते. कायद्याच्या भाषेवर भाष्य लिहिणाऱ्याने हेही नोंदवले पाहिजे की इथे काम भाषेने झाले नाही.

«ती व्यक्ती अपंग असल्याचे मानण्यात येईल, वजावट, हप्ता व सहभाग यांच्या तरतुदींना अधीन राहून.»

आले एकदाचे क्रियापद. ‘मानण्यात येईल’. महाराष्ट्रातल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या सभासदांना हा शब्द समजवायला नको. ‘मानीव अभिहस्तांतरण’ म्हणजे बिल्डरने जमीन नावावर केली नाही तरी केली असे मानणे. तसेच हे मानीव अपंगत्व.

गरज का पडली? याच १९७२ च्या कायद्याने पासष्टीच्या आतल्या अपंगांना मेडिकेअर खुले केले, पण अपंगत्वाचा भत्ता दोन वर्षे घेतल्यावर. मूत्रपिंडे गेलेला माणूस यंत्राविना दोन आठवडेही काढेल याची खात्री नसते. म्हणून त्याला मानीव अपंग करून रांग ओलांडू दिली. गंमत अशी की हार्टके सभागृहात सांगत होते, उपचार मिळाला तर हे लोक पुन्हा कामावर जातील. एकाच अर्ध्या तासात माणूस अपंग ठरला आणि कामकरीही.

योगायोग असा की त्याच ऑक्टोबर १९७२ मध्ये जपानने मूत्रपिंडाच्या अकार्यक्षमतेला शारीरिक अपंगत्वाच्या यादीत घेतले. म्हणजे दोन्ही देश एकाच शब्दातून आत शिरले. पुढे मात्र वाटा फुटल्या. ‘सहभाग’ म्हणजे अमेरिकेत मेडिकेअर ऐंशी टक्के देते आणि वीस टक्के रुग्णाचे राहतात. आठवड्याला तीन डायलिसिस, वर्षाला दीडशेच्या वर, त्याचे वीस टक्के. जपानमध्ये १९८४ पासून डायलिसिसच्या रुग्णाला महिन्याकाठी दहा हजार येनपेक्षा जास्त द्यावे लागत नाही, उत्पन्न जास्त असेल तर वीस हजार. रुग्णाला किती झेपेल ते आधी ठरवून मागे हिशेब करायची ही रीत मला जास्त शहाणपणाची वाटते.

«(फ) हक्क डायलिसिस सुरू झालेल्या महिन्यानंतरच्या तिसऱ्या महिन्यापासून सुरू होईल आणि प्रत्यारोपणाच्या किंवा डायलिसिस थांबल्याच्या महिन्यानंतर बाराव्या महिन्याअखेर संपेल.»

जानेवारीत यंत्राला लागलेल्याचे मेडिकेअर एप्रिलमध्ये सुरू होते. मधले महिने ज्याचे त्याने बघायचे. मूत्रपिंड बसले की मात्र उलटी मोजणी. नवे मूत्रपिंड टिकवायला औषधे आयुष्यभर घ्यावी लागतात आणि कायदा बारा महिन्यांनी हात काढून घेतो. १९७८ मध्ये बाराचे छत्तीस झाले. औषधे परवडली नाहीत की मूत्रपिंड जाते, माणूस पुन्हा यंत्रावर येतो आणि तिथे मेडिकेअर त्याची वाट बघतच असते. गोळ्यांपेक्षा कितीतरी महाग असलेला हा वळसा बंद करायला, ज्यांना दुसरा विमा नाही त्यांना ही औषधे आयुष्यभर देणारी तरतूद १ जानेवारी २०२३ पासून लागू झाली. एक ओळ दुरुस्त व्हायला पन्नास वर्षे लागली.

«(ग) विहित अटी पूर्ण करणाऱ्या केंद्रांपुरतेच पैसे देण्याचा अधिकार सचिवांना राहील, या अटींत किमान वापराचे प्रमाण आणि रुग्णांची उपचारयोग्यता तपासणारे वैद्यकीय मंडळ असावे.»

पैसे केंद्राला मिळणार म्हटल्यावर केंद्रे उगवली. कायदा येण्याआधी अमेरिकेत सुमारे चाळीस टक्के रुग्ण घरी डायलिसिस करत. नंतर ते प्रमाण झपाट्याने घसरले. आज दोन कंपन्या मिळून दोन तृतीयांशांहून अधिक रुग्ण सांभाळतात.

केंद्राला पैसे म्हणजे माणसाने केंद्राकडे जायचे. ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम वाळवंटातल्या किंटोरच्या पिंतुपी लोकांना त्यासाठी पाचशे किलोमीटरवरच्या ॲलिस स्प्रिंग्जला जाऊन राहावे लागे, कायमचे. तिथे ते यंत्रावर जगत आणि घरापासून तुटून खंगत. नोव्हेंबर २००० मध्ये किंटोर आणि किविरकुराच्या चित्रकारांनी मिळून मोठे कॅनव्हास रंगवले. सिडनीच्या कलादालनात त्यांचा लिलाव झाला आणि दहा लाख डॉलरहून अधिक आले. त्या पैशातून पुढे ‘पर्पल हाउस’ उभे राहिले आणि २००४ मध्ये किंटोरमध्ये डायलिसिसची खुर्ची लागली. सरकारी विम्यात दुर्गम भागातल्या डायलिसिससाठी वेगळी नोंद आली ती नोव्हेंबर २०१८ मध्ये. ऑस्ट्रेलिया तेव्हाही श्रीमंतच होता.

आता शेवटची अट, उपचारयोग्यता तपासणारे मंडळ. सिॲटलची ती खोली मागच्या दाराने पुन्हा कायद्यात आली, असे वाचताना वाटते. प्रत्यक्षात मंडळे नेमली गेली, पण त्यांच्याकडे आले गुणवत्तेवर देखरेख करण्याचे काम. डायलिसिसमागे पैसे मिळत असताना रुग्ण परत कोण पाठवणार?

या ओळीशेजारी ब्रिटन ठेवून पाहावे. तिथे १९४८ पासून आरोग्यसेवा सर्वांना मोफत आहे, ‘मानीव’ वगैरे भानगडच नाही. पण यंत्रे आणि केंद्रे मोजकी ठेवलेली होती. १९८४ मध्ये हेन्री आरन आणि विल्यम श्वार्ट्झ यांनी दोन देशांची तुलना प्रसिद्ध केली. डायलिसिस मिळण्यात तरुण रुग्णांत फरक थोडा, पंचावन्नच्या पुढे मोठा. दारात कोणी पहारेकरी नव्हता. गावातला डॉक्टर मूत्रपिंडतज्ज्ञाकडे चिठ्ठीच देत नसे. घरच्यांना सांगे की या वयात आता त्रास देण्यात अर्थ नाही, आणि ते पटतही असे, कारण ते वैद्यकीय मत म्हणून सांगितलेले असे. मागे ‘वैद्यकीयदृष्ट्या ठरले आहे’ या शब्दांपाशी थांबलो होतो, ते यासाठी. अमेरिकेत चाळणी कायद्यात छापली गेली आणि वापरली गेली नाही. ब्रिटनमध्ये ती रोज वापरात होती आणि कुठेही छापलेली नव्हती.