गुणवत्तेचा उंबरठा आणि हार्लेमचे महाविद्यालय

'गुणवत्ता' हा शब्द आपल्याकडे फार सोवळ्यात ठेवलेला आहे. राखीव जागांचा प्रश्न निघाला की तो बाहेर काढायचा आणि काम झाले की पुन्हा देव्हाऱ्यात ठेवायचा, अशी प्रस्थापितांची रीत आहे. विद्यापीठाचे दार सर्वांना उघडले तर दर्जा बुडेल, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो. म्हणून ज्या विद्यापीठाने खरोखरच दार उघडून पाहिले, त्याचा इतिहास आपण तपासला पाहिजे असे मला वाटते.

बाबासाहेब १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. तिथून मैल-दीड मैलावर, हार्लेमच्या टेकडीवर, सिटी कॉलेज उभे आहे. १८४७ साली 'फ्री अकॅडमी' या नावाने स्थापन झालेली ही संस्था शहराच्या पैशावर चाले आणि फी घेत नसे. युरोपातून परागंदा होऊन आलेल्या गरीब ज्यूंची मुले इथे शिकून वर आली. गरिबांचे महाविद्यालय म्हणून तिचा लौकिक होता. १९६१ साली शहरातील अशा महाविद्यालयांचे मिळून सिटी युनिव्हर्सिटी हे सार्वजनिक विद्यापीठ झाले.

पण सिटी कॉलेज काळ्यांच्या वस्तीत असूनही वर्गात काळे विद्यार्थी विरळाच. फी नव्हती, पण गुणांची भिंत होती. ज्या शाळांना चांगले शिक्षक नाहीत, पुस्तके नाहीत, त्या शाळांतील मुलांना या भिंतीवर चढता येत नव्हते. फुकट असलेले विद्यापीठही जातिवंतांचे राहू शकते, हे आपण इथे लक्षात घेतले पाहिजे.

१९६५-६६ मध्ये 'सीक' ही योजना सुरू झाली. निवडक गरीब विद्यार्थ्यांना प्रवेश, पूरक वर्ग, सल्लागार आणि विद्यावेतन अशी तिची रचना होती. ऑड्री लॉर्ड, जून जॉर्डन, एड्रियन रिच अशा कवयित्रींनी तिच्यात शिकवले. पण ही खिडकी होती, दार नव्हते. २२ एप्रिल १९६९ रोजी काळ्या आणि पोर्टोरिकन विद्यार्थ्यांनी दक्षिण आवाराचा ताबा घेतला. त्यांच्या पाच मागण्या होत्या. शहरातील शाळांत आमचे जे प्रमाण आहे ते प्रवेशात दिसावे, ही त्यांतली एक. शिक्षक होऊ पाहणाऱ्यांना आमचा इतिहास आणि स्पॅनिश भाषा सक्तीची करावी, ही दुसरी. आवाराला त्यांनी 'हार्लेम विद्यापीठ' असे नाव दिले. विद्यापीठाच्या नावासाठी १९७८ ते १९९४ अशी सोळा वर्षे झुंजलेल्या समाजाला त्या नावाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

१९७५ साठी योजलेला खुला प्रवेश विद्यापीठाला १९७० सालीच द्यावा लागला. शालान्त परीक्षा उत्तीर्ण झालेल्या शहरातील प्रत्येक मुलाला जागा मिळाली. शंभरात ऐंशी गुण असोत की स्वतःच्या शाळेत वरच्या अर्ध्यात क्रमांक असो, त्याला चार वर्षांच्या महाविद्यालयाचे दार उघडे. या दुसऱ्या अटीत खरी कल्पकता होती: मुलाची तुलना त्याच्याच परिस्थितीतल्या मुलांशी केली गेली. याचा लाभ हजारो गोऱ्या कामगारांच्या मुलांनाही झाला. शोषितांचा लढा इतरांचेही दार उघडतो, हे सत्य विरोधकांनी नेहमीच दडवले आहे.

मग प्रश्न आला शिकवण्याचा. मिना शॉनेसी या बाईंनी नव्या विद्यार्थ्यांचे सुमारे चार हजार निबंध वाचले आणि १९७७ साली 'एरर्स अँड एक्स्पेक्टेशन्स' हे पुस्तक लिहिले. चुकांनाही तर्क असतो, तो शिक्षकाने शिकला पाहिजे, हे त्याचे सार. मी तालुक्याच्या गावी शिकवतो. पहिल्या वर्षाच्या वहीत 'पानी', 'व्हता' असे शब्द येतात. तो निष्काळजीपणा नसतो. ती त्या मुलाच्या घरची भाषा असते. तिच्यावर लाल शाई ओढणे सोपे. त्या भाषेपासून प्रमाण भाषेपर्यंत वाट बांधणे हे विद्यापीठाचे काम.

१९७५ मध्ये शहराचे दिवाळे निघण्याची वेळ आली आणि १९७६ मध्ये १२९ वर्षांची फुकट शिक्षणाची परंपरा मोडली. ज्यू मुलांना जे फुकट मिळाले, त्याची किंमत काळी मुले येताच ठरली. १९९९ मध्ये चार वर्षांच्या महाविद्यालयांतून पूरक वर्ग काढून टाकण्याचा निर्णय पक्का झाला. पण प्रयोग फसला का? लॅव्हिन आणि अ‍ॅटवेल यांनी खुल्या प्रवेशातून आलेल्या स्त्रियांचा तीस वर्षांनी मागोवा घेतला. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात सत्तर टक्क्यांहून अधिक स्त्रियांनी कधी ना कधी पदवी मिळवल्याचे दिसले. नोकरी, बाळंतपण, गरिबी यांमुळे वेळ लागला, इतकेच. त्यांची मुलेही पुढे शिकली.

त्याच २००७ साली या विद्यापीठाने 'असॅप' योजना सुरू केली. प्रवासाचा पास, पुस्तके, फीची उरलेली रक्कम आणि सतत विचारपूस करणारा सल्लागार. पूरक शिक्षणाची गरज असलेल्या विद्यार्थ्यांवरील तुलनात्मक प्रयोगात तीन वर्षांत पदवी घेणाऱ्यांचे प्रमाण २२ वरून ४० टक्क्यांवर गेले. मुलांची बुद्धी तीच होती. बसचे भाडे आणि पुस्तक मिळाले, विचारपूस करणारे माणूस मिळाले.

राखीव जागांनी आपल्या मुलांना प्रवेश दिला. आत आल्यावर त्यांची शिष्यवृत्ती वेळेवर येते का, वसतिगृहात जागा मिळते का, त्यांची भाषा कुणी ऐकतो का, आणि शेवटी किती जण पदवी घेऊन बाहेर पडतात, हे आकडे प्रत्येक विद्यापीठाने दरवर्षी जाहीर करावेत. गुणवत्ता मोजायचीच असेल तर आधी विद्यापीठाची मोजा, ही मागणी आता आपण केली पाहिजे.