संदेशावरच्या ओळखक्रमांकाची कुळकथा

वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झाला. तेव्हा संगणकावर मराठी लिहायचे म्हणजे 'शिवाजी', 'श्रीलिपी', 'कृतिदेव' असा एखादा फॉन्ट टाकून घ्यायचा आणि टाइप करायचे. फाइल दुसऱ्या संगणकावर गेली आणि तिथे तो फॉन्ट नसला, की मजकुराच्या जागी रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसे. या फॉन्टांमध्ये मजकूर डोळ्यांना दिसतो त्या क्रमाने साठवला जाई. 'वाशिम' लिहिताना पहिली वेलांटी 'श'च्या आधी टाइप व्हायची आणि फाइलमध्येही आधीच बसायची. शिवाय कोणत्या आकाराला कोणता आकडा, हे प्रत्येक फॉन्टवाल्याने आपापले ठरवलेले. फाइलमध्ये बाइट असत, पण ते कोणत्या पद्धतीने वाचायचे हे बाइटांवर कुठेच लिहिलेले नसे.

प्रमाण पद्धत नव्हती असे नाही. भारतीय लिप्या संगणकावर आणण्याचे आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेले 'जिस्ट'चे काम पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये आले आणि १९९१ मध्ये 'इस्की' हे भारतीय मानक म्हणून प्रसिद्ध झाले. इस्कीत 'वाशिम' पाच बाइटांत मावतो: २१२, २१८, २१३, २१९, २०४. वेलांटी इथे 'श'च्या नंतर, उच्चाराच्या क्रमाने येते. आज सर्वत्र चालणाऱ्या यूटीएफ-८ मध्ये याच शब्दाला पंधरा बाइट लागतात. एकट्या 'व'चे तीन, २२४, १६४, १८१. जागा तिप्पट लागली तरी हा सौदा चांगलाच झाला, कारण जगभर एकच पद्धत ठरली. इस्कीचे ते पाच बाइट पश्चिम युरोपच्या तक्त्याने वाचले तर 'व'च्या जागी टोपी घातलेला रोमन ओ उभा राहतो. चूक बाइटांची नाही. त्यांच्यासोबत त्यांची ओळख गेली नाही, हे दुखणे.

ॲक्टर पद्धतीने प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांसमोर हेच दुखणे वेगळ्या वाटेने आले. १९७३ मध्ये कार्ल हेविट, पीटर बिशप आणि रिचर्ड स्टायगर यांनी ही कल्पना मांडली. ॲक्टर म्हणजे प्रोग्रॅमचा एक स्वतंत्र घटक; प्रत्येकाची स्थिती त्याची स्वतःची. दुसऱ्याने तिला हात लावायचा नाही, काही हवे तर संदेश पाठवायचा. गुल आगा यांनी १९८६ च्या पुस्तकात तिला भक्कम सैद्धांतिक पाया दिला. एकाच यंत्राच्या स्मृतीत संदेश पोचवणे सोपे असते, नुसता पत्ता दिला की झाले. पण दुसरा ॲक्टर दुसऱ्या यंत्रावर असला, तर संदेशाचे बाइट करावे लागतात आणि पलीकडे त्यांचा पुन्हा संदेश करावा लागतो. हेच सिरियलायझेशन.

एरिक्सन कंपनीत जो आर्मस्ट्राँग, रॉबर्ट विर्डिंग आणि माइक विल्यम्स यांनी १९८६ पासून टेलिफोन एक्स्चेंजसाठी अर्लांग ही भाषा घडवली. तिने प्रश्न मुळातच सोडवला: सगळ्यांसाठी एकच नमुना, आणि त्याचा पहिला बाइट १३१, म्हणजे नमुन्याची आवृत्ती. वाशिम जिल्हा झाला त्याच वर्षीच्या डिसेंबरात अर्लांग सर्वांसाठी खुली झाली. व्हॉट्सॲपचे सर्व्हर तिच्यावरच उभे राहिले.

योनास बोनेर यांनी २००९ मध्ये सुरू केलेल्या अक्का या ॲक्टर-लायब्ररीला मात्र जावा भाषेचा वारसा मिळाला. जावात १९९७ पासून तयार सिरियलायझेशन आहे. वर्गाच्या (क्लासच्या) डोक्यावर एक शब्द लिहिला की काम भागते. माझ्या मते या सोयीने जेवढे नुकसान केले तेवढे क्वचितच दुसऱ्या कशाने केले असेल. ती संथ आहे. वर्गात फेरफार केला की जुने बाइट अनेकदा वाचता येईनासे होतात. सर्वांत वाईट म्हणजे कोणता वर्ग उभा करायचा हे बाहेरून आलेले बाइटच सांगतात, आणि त्या वाटेने सर्व्हरवर हवा तो प्रोग्रॅम चालवता येतो, हे २०१५ मध्ये उघडपणे दाखवले गेले. नोव्हेंबर २०१९ च्या अक्का २.६ मध्ये ही सोय मुळातच बंद ठेवण्यात आली.

तिच्या जागी काय वापरायचे, ते आपण ठरवायचे. कॉन्फिगरेशनमध्ये दोन याद्या असतात. एकीत सिरियलायझर नोंदवायचे: जॅक्सन, प्रोटोबफ किंवा स्वतः लिहिलेला. दुसरीत कोणत्या प्रकारचा संदेश कोणाकडे द्यायचा ते बांधायचे. प्रत्येक सिरियलायझरला एक ओळखक्रमांक असतो. ० ते ४० अक्काने स्वतःसाठी राखलेले आहेत. हा क्रमांक आणि 'मॅनिफेस्ट' नावाची छोटी ओळखचिठ्ठी संदेशाच्या बाइटांबरोबरच जाते. फॉन्टांच्या फायलींत नेमके हेच नव्हते.

समजा, कारंजा बाजार समितीच्या सोयाबीनचा भाव एका ॲक्टरकडून दुसऱ्याकडे जातो: बाजार, शेतमाल, आवक, दर. पुढच्या हंगामात त्यात ओलाव्याची टक्केवारी घालायची आहे. प्रोटोबफमध्ये प्रत्येक रकान्याला क्रमांक असतो; नवा रकाना पाचव्या क्रमांकाने आला तर जुना प्रोग्रॅम तो ओलांडून पुढे वाचतो. जॅक्सनमध्ये आवृत्ती क्रमांक देऊन जुन्या संदेशाचे नव्यात रूपांतर लिहिता येते. स्वतःचा सिरियलायझर असेल तर मॅनिफेस्ट पाहून कोणत्या आवृत्तीचे वाचन करायचे ते ठरवता येते. सिरियलायझरच बदलायचा असेल, तर आधी सर्व यंत्रांना नवे वाचायला शिकवावे आणि दुसऱ्या फेरीत लिहायला लावावे. हा क्रम उलटला, तर चालू प्रणालीतले जुने भिडू नवे संदेश फेकून देतात.

घटना डिस्कवर साठवणाऱ्या प्रणालीत हे आणखी जपावे लागते. तिथला संदेश काही वर्षांनी उघडला जातो, तेव्हा लिहिणारी माणसेही बदललेली असतात. म्हणून ॲक्टरवर काम करणाऱ्यांना माझी विनंती आहे: एकदा दिलेला ओळखक्रमांक पुन्हा दुसऱ्याला देऊ नका, मॅनिफेस्टमध्ये वर्गाचे पूर्ण नाव न घालता आपण ठरवलेले छोटे नाव घाला, आणि चाचणीच्या वेळी 'सिरियलाइझ-मेसेजेस' ही सेटिंग चालू ठेवा, म्हणजे एकाच यंत्रावरचे संदेशही बाइटांतून जाऊन येतील आणि दोष घरातच सापडेल.