कापसाच्या जिल्ह्यातली शांत खोली

मागच्या व्याख्यानानंतर एका तरुण मित्रानं विचारलं होतं, घरातल्या एका खोलीत रेकॉर्डिंगचा स्टुडिओ करायचाय, भिंतींना गाद्या लावल्या तर चालेल का? आम्ही उठता उठता 'चालेल की' म्हणून गेलो. ते उत्तर अर्धंच होतं. उरलेलं अर्धं आज सांगतो, पण त्यासाठी थोडं मागं जावं लागेल.

१९०२ चा नोव्हेंबर. आपल्या जिल्ह्याचं नाव तेव्हा यवतमाळ नव्हतं. कागदोपत्री तो 'वूण' जिल्हा, म्हणजे वणीचा. यवतमाळ हे नाव १९०५ साली लागलं. त्या नोव्हेंबरात कोलकात्याच्या एका हॉटेलातल्या मोठ्या खोलीत ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गैसबर्ग यंत्र मांडून बसला होता, आणि समोरच्या कर्ण्यात तोंड घालून गौहर जान गात होत्या. भिंतींना खास काही केलेलं नाही. मग रस्त्यावरचा गलका तबकडीत कसा उतरला नाही? कारण कर्णा जवळजवळ बहिराच होता. तोंड त्याच्यापाशी नेऊन जोर काढला तरच सुई हलायची. पुढे ग्रियर्सनच्या भाषा सर्वेक्षणासाठी हिंदुस्थानातल्या बोलींच्या तबकड्या केल्या गेल्या, त्यातल्या सुरुवातीच्याही अशाच यंत्रावर.

१९२५ साली विजेवरचं ध्वनिमुद्रण बाजारात आलं, मायक्रोफोन आला, आणि सगळं उलटलं. आता गाणाऱ्यानं ओरडायची गरज उरली नाही. पण मायक्रोफोनला बाकीचंही ऐकू यायला लागलं: खुर्चीची करकर, शेजारची पावलं, बाहेरचा टांगा. म्हणजे बघा, यंत्राचा कान जसजसा तिखट झाला तसतशी खोली महाग होत गेली. स्टुडिओचा सगळा इतिहास या एका वाक्यात बसतो असं आम्हाला वाटतं.

अशी महाग खोली कुणाला परवडणार? कंपन्यांना आणि सरकारला. नागपूरचं आकाशवाणी केंद्र १९४८ साली सुरू झालं. यवतमाळ, पुसद, उमरखेडच्या गायकाला, कीर्तनकाराला तिथवर एसटीनं जायचं आणि दिलेल्या वेळेत आटपायचं. पुढे यवतमाळलाही आकाशवाणीचं केंद्र आलं. तरीही खोली दुसऱ्याची, वेळ दुसऱ्याची. आज बऱ्यापैकी मायक्रोफोन आणि एक कॉम्प्युटर घरात येऊ शकतो. येत नाही ती शांतता.

आता गादीकडे येऊ. १८९५ साली अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात एक नवं व्याख्यानगृह बांधलं गेलं. तिथे बोललेला शब्द साडेपाच सेकंद घुमायचा, त्यामुळे श्रोत्यांना काही कळेना. वॉलेस साबाइन नावाच्या तरुण प्राध्यापकावर ते निस्तरायचं काम आलं. त्यानं शेजारच्या नाट्यगृहातल्या बैठकांच्या उशा रात्री उचलून आणायच्या, ऑर्गनची नळी वाजवायची, आवाज विरेपर्यंतचे सेकंद मोजायचे, आणि पहाटेच्या आत उशा परत जागेवर! त्यातून कळलं की मऊ वस्तू आवाज शोषते आणि घुमारा किती कमी होईल याचं गणित मांडता येतं. तर आपल्या जिल्ह्यातली कापसाची गादी हेच काम करते, आणि झकास करते. खोलीतला आवाज ती खोलीतच जिरवते.

बाहेरचा आवाज मात्र ती अडवत नाही. हे आम्ही स्वतः फजिती करून शिकलो. ओळखीच्या एका घरात चारही भिंतींना गाद्या बांधून रेकॉर्डिंग केलं. निवेदन खणखणीत आलं, आणि त्यामागे गल्लीतली मोटारसायकलही तितकीच खणखणीत. हिशेब साधा आहे. साडेचार इंची विटांची भिंत चौरस मीटरला दोनशे किलोच्या आसपास भरते. एकट्यापुरती गादी चौरस मीटरला पाच-सहा किलो. आवाज अडतो वजनानं. भिंतीचं वजन दुप्पट केलं की साधारण सहा डेसिबल कमी होतात, तेव्हा दोनशेला पाच-सहा जोडून काय होणार? अंड्याच्या ट्रेंबद्दल तर बोलायलाच नको.

गंमत अशी की वजनदार भिंती आपल्याकडे होत्याच. मातीच्या, हातभर जाडीच्या, वर धाब्याचं छत, खिडक्या लहानशा. उन्हासाठी बांधलेली ती घरं आवाजालाही जड होती. आपण ती पाडली, पातळ भिंती उभारल्या, सरकत्या काचा बसवल्या, वर टिन टाकलं. मृगाची पहिली सर टिनावर आली की रेकॉर्डिंग संपलं समजा.

मग करायचं काय? पैसे असतील तर खोलीत खोली: आतली भिंत बाहेरच्या भिंतीला न टेकवता उभी करायची आणि मधल्या पोकळीत लोकर किंवा कापूस भरायचा. कापसाला आग लवकर लागते, म्हणून तो आगरोधक करून घेतलेलाच वापरा आणि वायर त्यातून नेऊ नका. पैसे नसतील तर आधी दार. भरीव लाकडाचं दार, चौकटीला रबराची पट्टी, खालची फट बंद. जिथून हवा येते तिथून आवाज येतोच.

आणि इथेच यवतमाळचा मे महिना आडवा येतो. फटी बुजवल्या की हवा बंद. बाहेर ४४-४५ अंश. कूलर लावला तर मायक्रोफोनला कूलरच ऐकू येतो. ज्यांनी घरात स्टुडिओ केलाय ते पहाटे चार-पाचला काम का उरकतात, हे आता कळलं असेल.

हा सगळा खटाटोप कशासाठी, तेही बोलू. या जिल्ह्यात कोलाम राहतात, आणि कोलामी अस्खलित बोलणारी म्हातारी माणसं कमी होत चालली आहेत. त्यातला बारीक उच्चार टिपायचा तर शांत खोली हवीच. पण गी पॉइत्वाँ आणि हेमा राईरकर यांच्या प्रकल्पात जात्यावरच्या ओव्या मुद्रित झाल्या त्या बायांच्या घरांत, गावांत जाऊन. तिथे जात्याची घरघर गाळली असती तर ओवीची लयच गेली असती. म्हणून त्या मित्राला आमचं म्हणणं एवढंच, की शब्द नोंदवायचे असतील तर आजीबाईंना पहाटे खोलीत बोलवा, कूलर बंद करा, वीस मिनिटं झाली की दार उघडा आणि पाणी द्या. गाणं हवं असेल तर मायक्रोफोन घेऊन तुम्हीच त्यांच्या अंगणात जा. कोंबडं आरवलं तर आरवू द्या.