आधी दवाखाना, मग कॉलेज

खेड्यात डॉक्टर का टिकत नाहीत, या प्रश्नाला आपल्याकडे एकच उत्तर ठरलेले आहे. विद्यार्थ्याला शहरात शिकवायचे आणि बाँड लिहून घेऊन खेड्यात पाठवायचे. हा क्रमच उलटा करून पाहणाऱ्या डॉक्टर सुशीला नायर वर्ध्याजवळच्या सेवाग्रामात होऊन गेल्या. त्यांची ओळख ‘गांधीजींच्या डॉक्टर’ एवढ्यावरच थांबते, हे मला अन्यायाचे वाटते.

त्यांचा जन्म १९१४ चा, पंजाबातला. वैद्यकीय शिक्षण दिल्लीच्या लेडी हार्डिंग कॉलेजात झाले. आगाखान पॅलेसच्या कैदेत त्या गांधीजी आणि कस्तुरबांसोबत होत्या. २२ फेब्रुवारी १९४४ रोजी कस्तुरबा तिथेच गेल्या. सुटकेनंतर सुशीलाबेननी सेवाग्रामात दवाखाना काढला. १९४५ मध्ये बिर्लांच्या अतिथिगृहात स्त्रिया व मुलांसाठी पंधरा खाटांचे रुग्णालय उभे राहिले. त्याला नाव कस्तुरबांचे.

पुढे त्यांनी अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेतले. १९६२ ते १९६७ या काळात त्या केंद्रीय आरोग्यमंत्री होत्या. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ मध्ये, याच रुग्णालयाच्या आधाराने महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था सुरू झाली. मधली चोवीस वर्षे मला फार महत्त्वाची वाटतात. कॉलेज आले तेव्हा रुग्ण, गाव आणि विश्वास तिथे आधीपासून होते.

शिकवण्याची रीतही त्यातूनच घडली. नवा विद्यार्थी पहिल्यांदा आश्रमात राहतो, झाडलोट करतो, सूत कातायला शिकतो. मग प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते. विद्यार्थी तिथे शिबिराला राहतात, वाट्याला आलेल्या कुटुंबांकडे पुढेही जात राहतात. वॉर्डात अशक्त बाळ दिसते; घरी गेल्यावर चूल, पाण्याचा हंडा आणि आईची मजुरी दिसते. निदानाचा निम्मा भाग तिथे असतो.

गावकऱ्यांनाही फुकटचे उपकार नकोत, ही जाण होती. म्हणून रुग्णालयाच्या आरोग्यविम्याची वर्गणी सुगीच्या दिवसांत ज्वारीच्या रूपाने भरता येई. पायलीभर ज्वारी घालणारा माणूस दवाखान्यात हक्काने येतो, हात जोडून नव्हे.

इथले सगळे पदवीधर खेड्यातच राहिले, असे कोणी म्हणणार नाही. पदव्युत्तर प्रवेशासाठी ग्रामीण सेवेची अट याही संस्थेला घालावी लागली. नियमावाचून भागत नाही, हे सुशीलाबेन जाणून होत्या. पण नुसती अट माणसाला गावात फार तर मुदतीपुरती थांबवते. रोग कुठून येतो हे त्याने आधी पाहिले असेल, तर पुढे तो शहरात बसला तरी समोरच्या रुग्णाला त्याचे दोन प्रश्न जास्त असतात.

३ जानेवारी २००१ रोजी सुशीलाबेन सेवाग्रामातच वारल्या. तिथले लोक त्यांना ‘बडी बहेनजी’ म्हणत. डॉक्टरांच्या तुटवड्यावर पुन्हा चर्चा झडेल, तेव्हा बाँडच्या रकमेआधी कॉलेज कुठे काढायचे हे विचारायला हवे.