‘खून का खून’: रंगमंचावरून पडद्यावर
सोहराब मोदी यांचा ‘खून का खून’ (१९३५) हा ‘हॅम्लेट’वरचा हिंदुस्थानातला पहिला बोलपट. तो मुंबईच्या स्टेज फिल्म कंपनीने काढला. मेहदी हसन अहसन यांचे उर्दू रूपांतर पारशी रंगभूमीवर रुळलेले होते; तेच जवळजवळ जसेच्या तसे कॅमेऱ्यापुढे उभे राहिले. बापाचा खून काकानेच केला का, याची खातरजमा राजपुत्र दरबारात नाटक करवून करतो. रहस्याचा उलगडाच असा नाटकातून होत असल्याने ही नाटकी मांडणी कथेला शोभणारीच होती. ओफिलिया झालेल्या नसीम बानूंचे हे पदार्पण. मराठी रसिकांना कथा परकी नव्हती. आगरकरांच्या ‘विकारविलसित’ या ‘हॅम्लेट’च्या मराठी रूपांतरातला गणपतराव जोशींचा नायक त्यांच्या परिचयाचा होता. १९३६ मध्ये मोदींनी मिनर्व्हा मूव्हीटोन स्थापन केली आणि भारदस्त संवादांची हीच शैली तिथे नेली.