सोंगाड्या, सभा आणि रील

मराठी राजकीय प्रचारातला विनोद तमाशाच्या बतावणीतून आला. गण, गवळण, बतावणी आणि वग असा तमाशाचा ठरलेला क्रम. त्यातल्या बतावणीत सोंगाड्या भोळेपणाचा आव आणून प्रश्न विचारतो, समोरचा शहाणा उत्तर देतो आणि उत्तर देता देता स्वतःच उघडा पडतो. या जागेला लिखित संहिता नसे. गावात कालपरवा काय घडले, कोणत्या सावकाराने काय केले, हे हजरजबाबी सोंगाड्या तिथल्या तिथे ओवून घेई. राजकारणाला हवे असलेले सगळे या रचनेत तयार होते: समोर बसलेला जमाव, ताजा विषय आणि मोठ्या माणसाची टोपी उडवण्याची परंपरेने दिलेली मुभा.

जोतीराव फुले यांनी 24 सप्टेंबर 1873 रोजी पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन केला. पुढे त्याच्या प्रचारकांनी तमाशाचा साचा उचलून सत्यशोधकी जलसा उभा केला. गणातली देवस्तुती बदलली, गवळणीतला शृंगार काढून टाकला, पण सोंगाड्या ठेवला, कारण भिक्षुकशाहीवरची टीका व्याख्यानातून ऐकायला शेतकरी रात्रभर बसला नसता. 1920च्या दशकात प्रांतिक कौन्सिलच्या निवडणुका सुरू झाल्या आणि ब्राह्मणेतर चळवळीच्या हाती हे साधन आयतेच होते. आंबेडकरी जलशांनी 1930च्या दशकात तीच वाट धरली. नाशिककडच्या भीमराव कर्डकांसारख्या कलावंतांनी अस्पृश्यतेचा प्रश्न आणि बाबासाहेबांची भूमिका वस्त्यावस्त्यांत नेली. हे कलावंत नामांकित नव्हते, दिवसा मजुरी आणि रात्री जलसा अशीच त्यांच्यातल्या बहुतेकांची रीत होती. विनोद, प्रसिद्धी आणि माध्यम या तिन्ही गोष्टी तेव्हा चळवळीच्या मालकीच्या होत्या. पुढच्या नव्वद वर्षांत ती मालकी हळूहळू हातची गेली.

1944 साली अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी मुंबईत कम्युनिस्ट चळवळीचे लाल बावटा कलापथक काढले. गिरणगावातल्या चाळींचे चौक हे त्याचे रंगमंच. ‘शेटजींचे इलेक्शन’ या अण्णाभाऊंच्या लोकनाट्याचे नावच सांगते की निवडणूक हा विनोदाचा विषय झाला होता. स्वातंत्र्यानंतर तमाशावर सरकारी बंधने आली, तेव्हा त्याच ऐवजाला लोकनाट्य हे नाव मिळाले. कम्युनिस्टांच्या जोडीला समाजवादीही या मैदानात होते. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकासाठी पु. ल. देशपांडे यांनी ‘पुढारी पाहिजे’ लिहिले. 1957च्या निवडणूक प्रचारासाठी निळू फुले यांनी ‘येरा गबाळ्याचे काम नोहे’ हा वग रचला. दादा कोंडके आणि राम नगरकरही सेवा दलाच्याच तालमीतले. मराठी रंगभूमीवरच्या आणि पडद्यावरच्या विनोदाची एक अख्खी पिढी अशी प्रचाराच्या कामातून घडली. नट आधी नामवंत झाला आणि मग पक्षाने त्याला बोलावले, हा आजचा क्रम तेव्हा नेमका उलटा होता.

मुंबईसह मराठी राज्य मागणाऱ्या संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत या परंपरेला तिचा सर्वांत मोठा वक्ता मिळाला. आचार्य प्र. के. अत्रे राजकारणाच्या ऐन मैदानात उतरले तेव्हा महाराष्ट्र त्यांना ओळखत होता तो ‘झेंडूची फुले’चे विडंबनकार, ‘साष्टांग नमस्कार’चे नाटककार आणि ‘श्यामची आई’चे निर्माते म्हणून. या चित्रपटाला पहिले राष्ट्रपती सुवर्णपदक मिळाले होते. 15 नोव्हेंबर 1956 रोजी त्यांनी दैनिक ‘मराठा’ सुरू केले. विनोदकार, नामवंत आणि माध्यमाचा मालक अशा तिन्ही भूमिका एकाच माणसात आल्या. संध्याकाळी शिवाजी पार्कवर किंवा कामगार मैदानावर ज्या कोटीवर मैदान हसले, ती सकाळी ‘मराठा’त छापून येई आणि लोकलमध्ये, गिरणीच्या फाटकावर, न्हाव्याच्या दुकानात मोठ्याने वाचली जाई. मुंबईतले काँग्रेस पुढारी स. का. पाटील यांचे ‘सदोबा’ झाले ते असेच. ‘गेल्या दहा हजार वर्षांत’ हे अत्र्यांचे लाडके माप होते. ही अतिशयोक्ती आहे हे श्रोत्याला ठाऊक असे आणि तिचीच तो वाट पाही.

1957च्या निवडणुकीत संयुक्त महाराष्ट्र समितीने पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसला चीत केले आणि अत्रे मुंबईतून विधानसभेवर गेले. हा विजय एकट्या विनोदाचा नव्हता. चळवळीवरच्या गोळीबारात माणसे गेल्याचा संताप, डाव्या पक्षांची शाखाशाखांची बांधणी आणि शाहिरांचे डफ त्यामागे होते. अत्र्यांच्या विनोदाने काम केले ते भीती घालवण्याचे. ज्या सत्तेला माणूस खळखळून हसला, तिच्या धमकीला तो पूर्वीसारखा घाबरत नाही.

बाळ ठाकरे यांनी 13 ऑगस्ट 1960 रोजी ‘मार्मिक’ काढले. व्यंगचित्र साप्ताहिकातून राजकीय पक्ष जन्मावा, असे उदाहरण जगातही विरळाच. ‘रविवारची जत्रा’ हे त्यातले जोडपान वाचक आधी उघडत. त्याच अंकांत ‘वाचा आणि थंड बसा’ या मथळ्याखाली मुंबईतल्या कार्यालयांतील दाक्षिणात्य अधिकाऱ्यांच्या नावांच्या याद्या छापल्या गेल्या. 19 जून 1966 रोजी शिवसेना स्थापन झाली ती या वाचकवर्गाच्या बळावर. इथे प्रचारी विनोदाची दिशा बदलली, हे स्पष्ट म्हटले पाहिजे. जलशातला सोंगाड्या आपल्याहून बलवान माणसाला लक्ष्य करी, आता खानावळ चालवणारा उडपी आणि टंकलेखन करणारा मद्रासीही हशाचा विषय झाला. त्या हशापाठोपाठ दगडही आले आणि मार खाणाऱ्यांत साधी नोकरदार माणसे होती.

वक्ता म्हणून ठाकरे यांनी अत्र्यांची नामकरणाची रीत पुढे चालवली. शरद पवारांना ‘मैद्याचे पोते’ म्हटले गेले. 1991 साली छगन भुजबळ सेना सोडून गेले, तेव्हा ते ‘लखोबा लोखंडे’ झाले. लखोबा हा अत्र्यांच्याच 1962च्या ‘तो मी नव्हेच’ नाटकातला सोंगे बदलणारा ठग. प्रत्येक श्रोत्याने ते नाटक पाहिलेले किंवा निदान ऐकलेले होते, म्हणून एका नावात सगळा आरोप मावला. टोपणनाव चालायला वक्ता आणि श्रोता यांच्यात आधीपासून काही सामायिक असावे लागते, ते असे.

दादा कोंडके हे या काळातले दुसरे मोठे नाव. वसंत सबनीस यांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’ या 1965च्या वगनाट्यात ते राजा-कोतवालाच्या गोष्टीच्या आडून चालू सरकारची खिल्ली उडवत. ऐनवेळी जोडलेल्या कोट्यांमुळे रोजचा प्रयोग निराळा असे. 1971 साली ‘सोंगाड्या’ चित्रपटाला दादरचे कोहिनूर चित्रपटगृह मिळेना, तेव्हा ठाकरे मध्ये पडले. पुढे दादा शिवसेनेच्या व्यासपीठावर गर्दी खेचू लागले.

1977ची निवडणूक या इतिहासात वेगळी उठून दिसते. आणीबाणीनंतर पु. ल. देशपांडे जनता पक्षाच्या प्रचारासाठी गावोगाव बोलले. त्यांची लोकप्रियता घराघरात होती. पद, उमेदवारी, मानधन यांतले काहीही त्यांना नको होते आणि निकाल लागताच ते आपल्या लेखनाकडे परतले. महाराष्ट्रातल्या 48 जागांपैकी काँग्रेसला 20च मिळाल्या. लोकांच्या विश्वासातला विनोदकार लोकशाहीसाठी काय करू शकतो, याचे याहून स्वच्छ उदाहरण मराठी राजकारणात नाही.

1984 साली सुनील दत्त यांनी मुंबई वायव्य मतदारसंघात राम जेठमलानी यांना हरवले आणि सिनेमाचे वलय थेट मतपेटीत उतरले. दत्त यांनी ते वलय कामाने टिकवले आणि पाच वेळा निवडून आले. 2004 साली विनोदी नट म्हणून गाजलेल्या गोविंदाने मुंबई उत्तरमधून सलग पाच वेळा जिंकलेल्या राम नाईकांना हरवले, पण 2009 साली तो उभाच राहिला नाही. ‘होम मिनिस्टर’मुळे घराघरातले भावोजी झालेले आदेश बांदेकर 2009 साली माहीममध्ये पडले. ऊर्मिला मातोंडकर 2019 साली मुंबई उत्तरमध्ये मोठ्या फरकाने हरल्या. त्याच वर्षी दूरचित्रवाणीवर संभाजी महाराज साकारत असलेल्या अमोल कोल्हे यांनी शिरूरमध्ये तीन वेळचे खासदार शिवाजीराव आढळराव पाटील यांना 58 हजारांहून अधिक मतांनी मागे टाकले. चेहरा ओळखीचा असला की दार उघडते. मत पडते ते स्थानिक बांधणी आणि विरोधकाविषयीची नाराजी या दोन्हींची जोड मिळाली तर.

समाजमाध्यमांचा शिरकाव 2014पर्यंत पुरता झाला होता. निवडणूक आयोगाने ऑक्टोबर 2013 मध्येच उमेदवारांना समाजमाध्यमांवरच्या खात्यांचा तपशील प्रतिज्ञापत्रात देण्यास सांगितले होते. 2014च्या विधानसभेला भाजपची ‘कुठे नेऊन ठेवलाय महाराष्ट्र माझा’ ही जाहिरात आली आणि तिची विडंबने जाहिरातीइतकीच फिरली. ही विडंबने कोणत्याही कलापथकाने रचलेली नव्हती. विनोद आता कोणाच्याही हातून होऊ लागला आणि त्याखाली नाव राहिले नाही.

एप्रिल 2019 मध्ये राज ठाकरे यांनी जुनी सभा आणि नवा पडदा यांची सांगड घातली. त्यांच्या मनसे पक्षाचा एकही उमेदवार लोकसभेला उभा नव्हता, तरी त्यांनी राज्यभर सभा घेतल्या. व्यासपीठावर मोठा पडदा, पंतप्रधानांच्या भाषणांचे जुने तुकडे आणि मधेच ‘लाव रे तो व्हिडिओ’ अशी हाक. मेळघाटातले हरिसाल हे ‘डिजिटल गाव’ म्हणून सरकारी जाहिरातीत झळकले होते. सोलापूरच्या सभेत त्या जाहिरातीतला तरुणच राज यांनी व्यासपीठावर उभा केला. जाहिरात पडद्यावर आणि माणूस तिच्या शेजारी. बतावणीतला प्रश्न इथे चित्रफितीने विचारला होता. हाक गल्लीतल्या पोरांच्या तोंडी बसली, सभा वाहिन्यांनी थेट दाखवल्या, तुकडे मोबाइलवर लाखोंनी पाहिले. निकालात भाजप-शिवसेना युतीला 48पैकी 41 जागा मिळाल्या. मते नेऊन टाकायला राज यांच्याकडे उमेदवार नव्हते आणि ज्यांच्याकडे ते होते, त्यांची बांधणी ढासळलेली होती. 1957 आणि 2019 यांतला फरक एवढाच आहे आणि तो निर्णायक आहे.

हसणाऱ्यांवरचा रागही या काळात वाढला. 2023 साली पक्षांतरासाठी पैसे घेतल्याच्या आरोपातल्या ‘खोक्यां’वरच्या रॅपबद्दल एका तरुणावर गुन्हा नोंदला गेला. मार्च 2025 मध्ये कुणाल कामरा याच्या विडंबनगीतानंतर मुंबईत खारमध्ये ज्या जागी कार्यक्रम झाला, तिची शिवसैनिकांनी तोडफोड केली. व्यंगचित्रातून जन्मलेल्या पक्षाचे नाव आणि चिन्ह बाळगणाऱ्यांनी हे करावे, ही या इतिहासातली खेदाची नोंद आहे.

आजचा उमेदवार सोंगाड्याची वाट पाहत नाही, तो स्वतःच रील होतो. सांगोल्याचे शहाजीबापू पाटील हे त्याचे ठळक उदाहरण. जून 2022 मध्ये शिवसेनेच्या बंडखोर आमदारांसोबत गुवाहाटीत असताना त्यांचे कार्यकर्त्याशी झालेले दूरध्वनी संभाषण बाहेर आले. ‘काय झाडी, काय डोंगार, काय हाटील’ हे माणदेशी बोल दोन दिवसांत राज्यभर पसरले, त्यावर गाणी झाली, सदरे छापले गेले आणि बापूंना सभांची निमंत्रणे येऊ लागली. 2019 साली ते 768 मतांनी निवडून आले होते, तेव्हा त्यांना तालुक्याबाहेर फारसे कोणी ओळखत नव्हते. नोव्हेंबर 2024 मध्ये सारा महाराष्ट्र त्यांना ओळखत होता, आणि सांगोल्यात शेतकरी कामगार पक्षाचे बाबासाहेब देशमुख निवडून आले.